मरळीच्या कोपऱ्यात गवत्या

शहरातल्या माणसाला नदी दिसायला चांगली हवी असते. तिच्यात काही जगते की नाही, याची चौकशी तो करीत नाही. पांगोली नदीला शहराजवळ जिथे एक नाला मिळतो, तिथे उथळ पाण्याचा एक कोपरा आहे. मासळीने अंडी घालावीत आणि पिलांनी लपावे अशी तेवढीच जागा या काठाला उरली होती. बेशरमाच्या झुडपांनी तीही गिळली होती.

मी नोकरीची सारी वर्षे तलावांत मत्स्यबीज सोडण्यात घालवली. निवृत्तीनंतर ढिवर मोहल्ल्यातली एक बाई मला त्या कोपऱ्यावर घेऊन गेली. बाजारात मासे विकण्यात तिचा जन्म गेला होता.

"सायेब, जिंदगीभर तुमी बाहेरची मासोरी आणून टाकली," ती म्हणाली. "आता आमची वापस आना."

दोन उन्हाळे मोहल्ल्यातल्या बायांनी बेशरमाची झुडपे मुळासकट उपटली आणि कोरडा गाळ नांगरून घेतला. पाणी भरल्यावर दूरच्या तलावांतून देवधान, म्हणजे पाण्यातला रानभात, आणि पाण्याखाली वाढणारी गवते आणून रोवली. धान रोवतात तशीच, वाकून, ओळीने. पुरुष काठावर बसून सूचना करीत. मी वहीत नोंदी करीत असे. ते कामही पुरुषांच्या कामाइतकेच सोपे होते.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मरळ आली. पिलांचा लालसर घोळका पाण्यावर तरंगू लागला आणि नर-मादी त्याच्याखाली राखण करू लागली. असा घोळका दिसला की पिले पांगेपर्यंत तिथे जाळे टाकायचे नाही, ही ढिवरांची रीत आहे. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणूनच बहुधा पाळली जाते. बाईने मला सरळ सांगितले, "हे पिल्ले जगले तं बाया पुढच्या सालीबी येतीन. नाही तं दुसऱ्याच्या घरचे भांडे घासाले जातीन. फुकटात कोन किती दिवस चिखलात उभी राहीन?"

कोपरा हिरवा झाल्याची वार्ता एका अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली. चांगल्या कामाची वार्ता अशा ठिकाणी पोहोचू नये, एवढी काळजी मी घ्यायला हवी होती. मंडप आला, फलक आला, खुर्च्या आल्या. शेवटी पिंपांतून वीतभर लांबीचे मासे आले. मी पिंपात वाकून पाहिले. गवत्या. नावाप्रमाणे गवतावर जगणारा मासा.

"हा इथे सोडू नका," मी म्हणालो. "लावलेले सगळे खाऊन टाकील."

"अंकल, टेन्शन नका घेऊ," अधिकारी म्हणाला. "मासे वाढवायचे आहेत ना? मग मासेच तर सोडतोय."

बाई मागून ओरडली, "अजी, बकऱ्या सोडून राहिले का रोपवाटिकेत?"

लोक हसले. अधिकारीही हसला, कारण समोर कॅमेरा होता. पिंपे उपडी झाली. टाळ्या वाजल्या.

त्या माणसाला मूर्ख म्हणणे सोपे होते आणि मी ते म्हटलेही. परंतु मी स्वतः तरुणपणी एका गावच्या तलावात, तण कमी होईल म्हणून, गवत्या सोडला होता. तण गेले. पाठोपाठ मरळही गेली. त्या दिवशी माझाही फोटो निघाला होता, आणि तो मी चौकटीत लावला होता.

आठवड्याभरात देवधानाची कोवळी पाती कुरतडलेली दिसू लागली. आडोसा गेला की बगळे पिले टिपणार, हे उघड होते. गवत्या काढायचा तर जाळे हवे. जाळे टाकावे तर मरळीचा घोळका उधळणार. पुरुषांनी एकमताने निर्णय दिला, "टाका जाळं, काय होते?" बाईने त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही.

"सायेब, इतके वर्सं नौकरी केली. काही तं येत असन तुमाले."

मला एकच गोष्ट येत होती. बीजकेंद्रावर गवत्याला रोज गवत कापून घालणे हे माझे पहिले काम होते. मरळ बेडूक खाते, मासे खाते. गवताला तोंड लावीत नाही. आम्ही गऱ्यांना कोवळ्या गवताच्या जुड्या बांधल्या आणि बांबूच्या काठ्या घेऊन काठावर बसलो. मी आणि सात-आठ बाया, रोज सकाळी.

"कोन लागला वो, मासा का सायेब?" एक विचारी.

"सायेबाले कोन खाते," दुसरी म्हणे.

मी गरीला नवी जुडी बांधत असे. गवत्या लागत होता.

ते महिनाभर, गऱ्या रिकाम्या येऊ लागेपर्यंत चालले. त्या अधिकाऱ्याने निरोप पाठवला की हौशी मासेमारीचा उपक्रम उत्तम आहे, फोटो पाठवावेत. मी पाठवले नाहीत.

भाद्रपदात एका सकाळी लाल घोळका नव्हता. गवताच्या बुडाशी मरळीची बोटभर पिले, आता काळसर झालेली, एकेकटी हिंडताना दिसली. निम्मे देवधान गेले होते, निम्मे टिकले होते. पिले किती वाचली हे मी सांगू शकत नाही. परंतु वाचली होती. बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून बराच वेळ पाहत होती.

"उन्हाळ्यात किती बाया येतील?" मी विचारले.

"साऱ्याच येतीन," ती म्हणाली. "पन आता कोनी मंडप टाकला तं पहिले त्यालेच पान्यात टाकू."

या ठरावाला माझी हरकत नव्हती.