जप्त वाळूवरचं लग्न

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदा समुद्रावरून खनिज काढलं. हे मी म्हणत नाही, सरकारी कागद म्हणतो, आणि तो कागद अजून माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. खनिज म्हणजे वाळू. किती, तर बैलगाडीच्या दोन खेपा. कशासाठी, तर माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी.

आमच्याकडे गिरीजच्या बाजूला, वाडीत लग्न असलं की मांडवात समुद्रावरची वाळू अंथरायची पद्धत होती. सारवलेलं अंगण शे-दीडशे माणसांच्या पायांनी उखडतं. वर वाळू असली की पाय थंड राहतात, पंगतीत सांडलं-लवंडलं ती पिऊन टाकते, आणि लग्न उरकलं की तीच वाळू नारळांच्या आळ्यांत जाते. नारळाला खारी वाळू मानवते. आजोबांच्या लग्नात ती होती, आत्याच्या लग्नात होती, आणि त्यासाठी कुणी कधी कुणाला विचारलं नव्हतं. गाडी जुंपायची, किनाऱ्यावर जायचं, भरून आणायची, संपलं.

पण आमचे बाबा पडले सरकारी छापखान्यातले. तीस वर्षं मुंबईला जाऊन त्यांनी राजपत्राची प्रुफं तपासली होती. जे कुणीही वाचत नाही, ते त्यांनी शब्दन् शब्द वाचलेलं, तेही दोनदा. त्यामुळे निवृत्त झाल्यावरसुद्धा या राज्यात कशाकशाला बंदी आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. ताईचा साखरपुडा झाला, गाडीवाल्या काकांना सांगायची वेळ आली, आणि जेवताना बाबांनी जाहीर केलं की वाळू हे गौण खनिज आहे, परवान्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आई म्हणाली, मग सतरंज्या घाला. बाबा म्हणाले, पद्धतही मोडायची नाही आणि कायदाही मोडायचा नाही. मी ताटावरून उठले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, चहूकडे इमारती उगवत होत्या, आमच्या रस्त्यावरून वाळूचे ट्रकच्या ट्रक जात होते, आणि परवाना काढणार कोण, तर आमचे बाबा, दोन गाड्यांसाठी. मी तेव्हा वालीवला छत्र्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करायचे. दिवसभर पोरींशी डोकं लावून आल्यावर घरी बाबांशी लावायला ते शिल्लकच राहत नसे.

तरी वसईच्या कचेरीत त्यांच्याबरोबर मीच गेले, कारण आईने पिटाळलं. तिथल्या कारकुनाने चार पानी अर्ज दिला. खनिजाचं नाव. उत्खननाची खोली. यंत्रांची संख्या. सुरुंगाची दारू कुठे साठवणार. वाहनाचा नोंदणी क्रमांक. बाबांनी एकही रकाना मोकळा सोडला नाही. यंत्रांपुढे लिहिलं, 'फावडी दोन, घमेली चार'. सुरुंगापुढे, 'आवश्यकता नाही, वाळू मऊ आहे'. वाहनाच्या क्रमांकापाशी ते बराच वेळ अडले आणि मग त्यांनी बैलांचं वर्णन लिहिलं: एक पांढरा, एक तांबडा, तांबड्याचं डावं शिंग अर्धं.

कारकून वाईट नव्हता. त्याने अर्ज वाचला, बाबांकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच सांगितलं की एवढ्यासाठी इथे कुणी येत नाही, गाडी न्या आणि भरून आणा. बाबा दुखावले. सरकारी माणूस असून तुम्ही असं सांगता, म्हणाले.

"काका," तो म्हणाला, "सरकारी माणूस आहे म्हणूनच सांगतोय."

बाबांनी ऐकलं नाही. कचेरीत किती खेपा घातल्या ते आता आठवत नाही, पण परवाना आला. अर्धा ब्रास वाळू, म्हणजे आमच्या दोन गाड्या, मुदत एक दिवस, वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. खाली अटींची रांग, त्यातली एक म्हणजे उत्खननानंतर जागेची पाहणी होईल. बाबांनी परवाना देवापुढे ठेवला. आईने ताईची पत्रिका जिथे ठेवली होती, तिच्या शेजारी.

ठरलेल्या दिवशी शेजारचे गाडीवाले काका, त्यांचे बैल, बाबा आणि मी असे किनाऱ्यावर गेलो. काकांचा जन्म भातशेतीत आणि खाडीकाठी गेलेला. ते दिसेल तिथून वाळू ओढायला लागले तर बाबांनी थांबवलं, टेप काढली आणि खड्डा चौकोनी खणायला लावला. काकांनी विचारलं, एवढी नक्षी कशाला. बाबा म्हणाले, साहेब येऊन बघणार आहेत, खड्डा व्यवस्थित दिसला पाहिजे. काकांनी समुद्राकडे बघितलं.

"पानी काय परवाना वाचतं?" ते म्हणाले.

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दोन खेपा झाल्या, सूर्यास्ताच्या आत. मांडवात वाळू पसरली, तीन बोटं जाड, पांढरीशुभ्र. ताई तिच्यावरून अनवाणी एक फेरी मारून आली आणि खूश झाली. खरं सांगते, मलाही त्या संध्याकाळी वाटलं की उगाच बोलले मी बाबांना.

तीन दिवसांनी सर्कलसाहेब पाहणीला आले. तलाठ्याच्या वरचे अधिकारी, मोटारसायकलवर, काखेत फाइल. लग्न दोन दिवसांवर होतं. साहेब म्हणाले, खड्डा दाखवा. बाबा त्यांना घेऊन निघाले, मागून मी आणि काका. किनाऱ्यावर खड्डा नव्हता. असणार कुठून? मधे पाच-सहा भरत्या येऊन गेल्या होत्या. सगळा किनारा इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट.

साहेबांनी विचार केला. माणूस चिडका नव्हता, विचार करणारा होता, आणि तेच वाईट झालं. खड्डा नाही म्हणजे उत्खनन झालेलं नाही, म्हणाले. उत्खनन झालेलं नाही, तर तुमच्या मांडवातली वाळू आली कुठून?

मी वाट बघत होते की आता हे ओरडतील, भरती-ओहोटी समजावतील, परवाना फडकवतील. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

मी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, दोन मिनिटं थांबा, आत्ता खणून देतो खड्डा. साहेब म्हणाले, परवान्याची मुदत संपली, आता खणलात तर तो वेगळा गुन्हा. मग त्यांनी विचारलं, खड्ड्याचा फोटो तरी आहे का. कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा रोलही होता, पण तो लग्नासाठी राखून ठेवलेला.

वाळू जप्त झाली. साहेबांनी मांडवाची लांबी-रुंदी घेतली, सात ठिकाणी पट्टी खुपसून जाडी घेतली, पंचनामा केला आणि कुणी हात लावला तर कळावं म्हणून वर चुन्याच्या रेघा ओढून घेतल्या. आत्या आली, तिने त्या रेघा पाहिल्या, म्हणाली रांगोळी कुणी काढली, अगदीच हात नाही पोरीचा, आणि मधोमध हळदकुंकू वाहिलं. मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. जप्त माल हलवायचा नव्हता, तो त्यांच्याच ताब्यात दिला होता आणि त्याखाली त्यांची सही होती. लग्नानंतर साहेब पुन्हा मोजणार, आणि कमी भरला तर सरकारी माल चोरल्याचा गुन्हा बाबांच्या नावावर. ज्या माणसाने जन्मात कचेरीची पेन्सिल घरी आणली नाही, त्याच्या नावावर चोरी. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दोन दिवसांत दुसरी जागा कुठे मिळणार? आईनेच साहेबांना निघताना चहा देता देता विचारलं होतं, या वाळूवरून माणसांनी चालायचं की नाही. साहेबांनी पुन्हा विचार केला.

"चालायला हरकत नाही," ते म्हणाले, "न्यायला हरकत आहे."

झालं. बाबांना तेवढंच पुरलं. लग्नाच्या दिवशी मांडवाला जायला-यायला एकच वाट ठेवली, बाकी सगळीकडे झावळ्या बांधल्या. त्या वाटेवर गोणपाट, बाजूला पाट, पाटावर ब्रश आणि खराटा, आणि तिथे बाबा, कोऱ्या धोतरात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने गोणपाटावर उभं राहायचं, पाय झटकायचे, बायकांनी निऱ्या झटकायच्या. गोणपाट भरलं की बाबा ते उचलून आत नेऊन रितं करायचे आणि पुन्हा जागेवर. पानाची पिंक टाकायला गेलेला माणूससुद्धा सुटला नाही.

आमची माणसं कुजबुजली, पण मुलाकडच्यांनी कमाल केली. ती मंडळी विरारच्या फ्लॅटमधली, मूळची घाटावरची. त्यांना वाटलं ही आमची इकडची रीत. मुलाचे मामा गोणपाटावर उभे राहून हात जोडून डोळे मिटायचे, मग पाय झटकायचे. एका काकूंनी मला विचारलं, याचं उद्यापन कधी असतं. मी सांगितलं, साहेब आले की.

ताईला मात्र हसू येत नव्हतं. मुहूर्त जवळ आला, भटजी हाका मारून दमले, बाबा दारात. शेवटी ताई स्वतः उठली, मुंडावळ्या बांधलेल्या, हिरव्या साडीत, आणि सगळ्यांसमोर दारापर्यंत आली.

"तुम्ही वाळूचे बाप आहात की माझे?" ती म्हणाली.

बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला, लक्ष ठेव म्हणाले, आणि आत गेले. म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीचं कन्यादान मी पाहिलेलं नाही. मी लोकांचे पाय बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरी मी एकालाही न झटकता सोडलं नाही, कारण गुन्हा बाबांच्या नावावर होणार होता. अंतरपाट दूर झाल्यावर वाजंत्री वाजली ती मी ऐकली. ताईच्या लग्नातलं माझ्या वाट्याला आलं ते तेवढंच.

पाठवणीच्या वेळी बाबा पुन्हा दारात. ताई आली. विधींचं पाणी, हळद, वरून वाळू, पायांना घोट्यापर्यंत पांढरा थर चढलेला. ती गोणपाटावर उभी राहिली, पण तिने पाय झटकले नाहीत. बाबांच्या डोळ्यांत बघत नुसती उभी राहिली. बाबा ब्रश घेऊन खाली वाकले. मला वाटलं, आता जर यांनी तिचे पाय झटकले तर ही पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही. बाबा तसेच वाकलेले राहिले, मग उठले आणि बाजूला झाले. ताई जाऊन मोटारीत बसली. आई रडली, मी रडले, गाडीवाले काका मोठ्याने रडले. बाबांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि ताईने काचेतून ते पाहिलं.

मांडवपरतणीला ती आली नाही. जावयाबरोबर निरोप आला, बाबांना वाळू मोजायची असेल, मी कशाला गर्दी करू. बाबांनी निरोप ऐकला आणि मांडवात जाऊन बसले. मांडव सोडता येत नव्हता, खाली जप्त माल होता. रोज तिथेच बसायचे.

लग्नानंतर नवव्या दिवशी साहेब आले. टेप लावली, सात ठिकाणी पट्टी खुपसली, फाइल बघितली. सगळं बरोबर भरलं. माझा जीव भांड्यात पडला. साहेबही खूश दिसले, म्हणाले, वसईच्या कचेरीतल्या कारकुनाने भरतीने खड्डा बुजतो असं कळवलंय, प्रकरण इथेच मिटवतो, इथे सही करा.

बाबांनी पेन घेतलं नाही. "कमी आहे," म्हणाले.

साहेब म्हणाले, पट्टी बरोबर दाखवतेय. बाबा म्हणाले, पट्टीला कळत नाही. मी मागून त्यांचा सदरा ओढत होते, करा सही आणि सुटा एकदाचे, असं तोंडावर आलेलं. साहेबांनी कंटाळून विचारलं, किती कमी आहे.

"दोन पावलांना चिकटेल एवढी," बाबा म्हणाले. "मुलगी घेऊन गेली. मी दारात होतो. मी बघितलं आणि जाऊ दिलं."

शेवटचं त्यांना धड बोलता आलं नाही. मांडवाचा खांब धरून ते रडायला लागले, हमसून हमसून, त्या परक्या माणसासमोर. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते मला सुचेना, मी नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. नेहमीप्रमाणे विचार केला. मग माझ्याकडे वळून सरकारी आवाजात म्हणाले की माल मुलीने नेला असेल तर मुलीचा जबाब घ्यावा लागेल, इथेच, वडिलांच्या समोर. तिला उद्या हजर राहायला सांगा आणि वडील काय म्हणाले तेही सांगा, शब्दाला शब्द.

मी नाक्यावर जाऊन ताईला फोन लावला आणि सांगितलं, शब्दाला शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मांडवात बसलेले असताना ताई आली आणि त्यांच्या शेजारी वाळूत बसली. जबाब घ्यायला साहेब मात्र आले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.