कुंकू लागलेली लेन्स

ती घटना आठवली की मला सगळ्यात आधी एक पायमोजा दिसतो. धुतलेला, राखाडी, एकुलता. परभणीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यातून कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स अलगद बाहेर काढली. त्यांच्यासोबत तिशीच्या आतली एक शिक्षिका होती. ती खुर्चीत बसायला तयार नव्हती आणि तिची नजर त्या लेन्सवरून हलत नव्हती.

तेव्हा मी जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नावं कुणाचीच लिहीत नाही. यातली बरीच माणसं हयात आहेत आणि त्यांना पुन्हा बाजारात उभं करायची माझी इच्छा नाही.

प्राध्यापकांना जुन्या लेन्स गोळा करायचा नाद होता. मोबाईल आले, गावोगावचे फोटो स्टुडिओ बंद पडले आणि हाताने फिरवायच्या त्या धातूच्या जड लेन्स कपाटांतून भंगारात गेल्या. मधे एक कडी बसवली की त्या नव्या कॅमेऱ्यालाही चालतात, हे ज्याला ठाऊक तो फायद्यात. हे गृहस्थ सुटीच्या दिवशी कधी पाथरीच्या, तर कधी चुडाव्याच्या बंद स्टुडिओत जाऊन बसायचे. खरेदीची रीत त्यांनी मला रंगून सांगितली. लेन्सच्या मागे टॉर्च लावून आत बुरशीची जाळी आहे का ते बघायचं, मग फोकसची रिंग फिरवून बघायची. दुकानदाराला आपला आनंद मात्र दिसू द्यायचा नाही. आधी शेजारी पडलेल्या मिक्सरचा भाव विचारायचा आणि उठता उठता लेन्सचा. मी म्हणालो, "सर, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." ते खूश झाले.

ही लेन्स त्यांनी जिंतूरच्या एका भंगारवाल्याकडून मातीमोल भावात घेतली होती. घरी आल्यावर त्यांना रिंगेवर कानशीने केलेली एक खाच दिसली. ती कशासाठी, हे त्यांनी लेन्सवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. पाथरीच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याने ती खाच ओळखली. बोरीला लग्नाचे फोटो काढणारा त्याचा एक मित्र होता. अंतरपाट निघून हार घालायची वेळ आली की गर्दीत, अक्षतांच्या माऱ्यात कॅमेऱ्याला डोळा लावायला फुरसत नसते. म्हणून त्याने नेमक्या तेवढ्या अंतराची खाच करून ठेवली होती. अंगठा खाचेत बसला की नवरा-नवरी स्पष्ट येणार म्हणजे येणार. डिजिटल कॅमेरा घेतल्यावरही त्याने ही लेन्स सोडली नाही.

तो बोरीचा फोटोग्राफर सात-आठ वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतलाच नव्हता. ही शिक्षिका त्याची मुलगी.

"साहेब, पप्पा जिवंत असतील तर मला त्यांना एकच विचारायचंय, आम्हाला का सोडून गेले," ती म्हणाली. "आणि नसतील तर आईला सांगायचंय. ती अजून कुंकू लावते आणि रोज त्यांना शिव्या देते."

मी मिसिंगची जुनी फाईल काढली. लग्नघरी मोटारसायकल पंक्चर झाली, ती तिथेच ठेवून हा माणूस तिन्हीसांजेला बॅग घेऊन पायी निघाला. पुढे काही नाही. गाडी मुद्दाम ठेवली, बाई ठेवली असेल, हैदराबादला पळाला असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं आणि चौकशीही त्याच दिशेने थंडावली होती.

मी लेन्स हातात घेतली. काच लख्ख होती. प्राध्यापक पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "एक ठिपका नाही बुरशीचा. एवढी स्वच्छ मला आजवर मिळाली नाही." त्यांच्या लेखी तो सौदा होता. मला मात्र तोच स्वच्छपणा खटकला. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पडलेली लेन्स दोन वर्षांत आंधळी होते, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी हिला ऊन दाखवत होतं, पुसत होतं.

मुलीने हे आधीच ओळखलं होतं. "एवढं जपणारं दुसरं कोण असणार, साहेब?" ती म्हणाली. तिच्या आवाजातली आशा मला ऐकवेना.

तेवढ्यात मला रिंगेच्या खोबणीत लालसर काहीतरी दिसलं. प्राध्यापक म्हणाले, "गंज असेल. ब्रशने बराच काढलाय." मी नखाने थोडं उकरून बोटांत चोळलं. ते कुंकू होतं. आम्ही ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रपूजन करतो आणि नंतर रायफलींच्या खाचांतून हेच कुंकू काढताना शिपायांची दमछाक होते. मला ते ओळखायला वेळ लागला नाही.

"तुमचे पप्पा लेन्सची पूजा करायचे?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याची करायचे. पण लेन्सला कुंकू लावू द्यायचे नाहीत. पूड आत गेली की रिंग करकरते म्हणायचे. नुसतं फूल ठेवायचे. लहानपणी मी एकदा बोट लावलं तर दिवसभर बोलले नव्हते माझ्याशी."

बोलता बोलता ती थांबली. मला काय कळलं ते तिलाही कळलं आणि ती हळूच खुर्चीत बसली. लेन्स जपणारा माणूस तिला दरवर्षी हत्यारांत मांडून कुंकू लावत होता, पण तो फोटोग्राफर नव्हता. मग लेन्स त्याच्याकडे आली कशी?

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंतूरच्या भंगारवाल्याला गाठलं. तो पोलीस बघून घाबरला नाही, वैतागला. या धंद्यातली माणसं घाबरली की मला बरं वाटत नाही; वैतागलेला माणूस बहुधा खरं बोलतो.

"त्या काचंचं काय खूळ लागलंय सगळ्यांला," तो म्हणाला. "एक म्हातारा दोनदा येऊन गेला, साहेब. म्हणतो, सुनेनं चुकून दिलं, वाटोळं भिंग तेवढं वापस दे. इकलं म्हटलं तर हितंच बसला मटकन. पानी पाजलं मी त्याला."

"कुठला?"

ते त्याला ठाऊक नव्हतं, पण माल आणणाऱ्या फेरीवाल्याला ठाऊक होतं. एका घरच्या सुनेने विहिरीवरच्या मोडक्या मोटारीचे सुटे भाग देऊन प्लास्टिकचं घमेलं घेतलं होतं, त्या भागांतच चिंधीत बांधलेली ही लेन्स आली. गाव निघालं ते लग्नाच्या गावापासून बोरीकडे येताना लागणारं.

त्या शेतकऱ्याला आणलं तेव्हा दुपार होती. साठीपुढचा, वाळका, स्वच्छ धोतरातला माणूस. निर्दोष माणूस ठाण्यात आला की आधी "मला का आणलं" विचारतो. याने विचारलं नाही. मी त्याला समोर बसवलं, पायमोज्यातून लेन्स काढून काच खाली करून टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या कागदांवर सह्या करत बसलो. चौकशीत प्रश्न विचारायची घाई नवीन अधिकारी करतात. समोरच्याला जे बोलायचं असतं ते आपण विचारू त्याहून जास्त असतं.

बराच वेळ गेला. मग त्याचा हात हळूहळू टेबलावर आला. त्याने लेन्स उचलली, सरळ केली आणि धोतराच्या सोग्यावर तिची काच पुसली.

"उपडं नका ठिवू, साहेब. काच घासती," तो म्हणाला. "आन ह्या दिसात उनात ठिवा. न्हाई तर आतून जाळी धरती."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाई. एका पावसाळ्यात धरायली होती. त्येचा डोळा झाकायलाय असं वाटलं मला. तवापासून उनात ठिवतो."

माझ्या हवालदाराने माझ्याकडे बघितलं.

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. भुईमुगात रानडुकरं यायची म्हणून त्याने बांधाला तार ओढून, विजेच्या लाईनवर चोरून आकडा टाकून तिच्यात करंट सोडला होता. सकाळी जाऊन बघतो तर डुक्कर नव्हतं. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकलेला माणूस तारेवर पडला होता. भीतीने त्याने वावरातच खड्डा केला. कॅमेरा दगडाने ठेचून विहिरीत टाकला.

"मग ही का ठेवली?"

"फेकायलाच घेतली होती. हातात धरली तर त्यातून वावर दिसलं. उलटं. वर माती, खाली आभाळ." तो थांबला. "म्हटलं, त्याला आता असंच दिसायलं असंल."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग खंडेनवमी आली. मी विळे-खुरपी मांडली. मनात आलं, त्येच्या हत्याराला ह्या साली कोन कुंकू लावनार? त्येच्या घरी तर हत्यारच न्हाई. म्हणून मांडलं. दर साली मांडलं."

त्याला कोठडीत नेल्यावर मी लेन्स हातभर लांब धरली आणि खिडकीकडे बघितलं. ठाण्याचं आवार खरंच उलटं लटकत होतं. तळाशी पांढरं आभाळ आणि वर जमीन, जमिनीला पाय लावून उलटे चालणारे माझेच शिपाई. मी ती घाईने पायमोज्यात घातली. असल्या गोष्टींना घाबरणारा मी नव्हे, पण त्या दिवशी घाबरलो हे खरं आहे.

त्याने जागा दाखवायची तयारी दर्शवली. पंचांसमक्ष निवेदन घेऊन, नायब तहसीलदार आणि डॉक्टरांसह आम्ही वावरात गेलो. जागा दाखवायची गरजच नव्हती. गुडघाभर हिरव्या सोयाबीनच्या मधोमध माणसाच्या लांबीएवढा पट्टा न नांगरलेला होता. तिथे नुसतं गवत होतं आणि औताच्या रेघा त्याला वळसा घालून गेल्या होत्या. सून बांधावर उभी होती. ती मला म्हणाली, "मामंजी त्या जाग्यावर पाय बी ठेवू देत न्हवते. आमाला वाटायचं, नागाचं ठिकान हाय." घरातली माणसं त्या तुकड्याला लांबून हात जोडायची. दरवर्षी नागपंचमीला तिथे लाह्या ठेवल्या जायच्या. तिने हे सांगितलं तेव्हा खणणारे मजूर थांबले आणि एकाने पायातली चप्पल काढली.

तीन-चार फुटांवर सांगाडा मिळाला. बॅगेची बकलं मिळाली. मुलीचं रक्त घेऊन डीएनए तपासणी झाली, ओळख पटली. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा नोंदवून आम्ही दोषारोपपत्र पाठवलं. म्हाताऱ्याने कोर्टात काहीही नाकारलं नाही.

हे कामकाजाचं झालं. अवघड काम पुढे होतं. अहवाल आल्यावर मी साध्या कपड्यांत एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन बोरीला त्यांच्या घरी गेलो. मुलीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बाजूला झाली. आई भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी काय झालं ते सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं.

ती रडली नाही. गुन्हेगार कोण, शिक्षा किती, काहीच विचारलं नाही. बराच वेळ फरशीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "साहेब, त्या वावरातून पायवाट कुन्या अंगाला जाती?"

मला तो प्रश्न अपेक्षित नव्हता, पण उत्तर माहीत होतं. पंचनाम्याच्या दिवशी बाकीचे जीपने परतले तेव्हा मी ती वाट मुद्दाम पायी चाललो होतो.

"बोरीला," मी म्हणालो. "त्या बांधावरून तुमच्या गावाची पाण्याची टाकी दिसते."

"म्हंजी घरीच यायले होते."

"हो. घरीच येत होते."

तिने पदर तोंडात कोंबला. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. "आन मी इतकी वर्सं काय काय बोलले त्यांला," आई तिला म्हणाली. "तुज्यासमोर बोलले. मेल्या मानसाला बोलले." मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. नोकरीत खूप मरणं बघितली, पण माणूस मेल्याचं कळल्यावर नवरा परत मिळालेली बाई मी त्या एकाच घरात बघितली.

त्या म्हाताऱ्याबद्दल मला आजही नीट राग येत नाही आणि दयाही येत नाही. त्याने मेलेल्याच्या हत्याराला कुंकू लावलं, त्याच्या डोळ्यावर बुरशी धरू दिली नाही. पण दोन गावं ओलांडून त्या बाईला एक शब्द सांगणं त्याला जमलं नाही. देव्हाऱ्यापुढे हात जोडणं माणसाला सोपं जातं, जिवंत माणसाच्या दारात उभं राहणं नाही.

निवृत्तीपर्यंत जे नवे उपनिरीक्षक माझ्या हाताखाली आले त्यांना मी एक गोष्ट सांगत राहिलो. मिसिंगची तक्रार आली की माणूस कुठे पळून गेला असेल ते सगळेच शोधतात, ते तुम्हीही शोधा. पण आधी, तो घरी परत येत असता तर कुठल्या वाटेने आला असता ते विचारा, आणि ती वाट जीपमधून नाही, स्वतःच्या पायांनी चालून बघा.