टायपिंगवाल्या ताई आणि माळ्यावरचा कॉम्प्युटर

गल्लीत त्यांना सगळे टायपिंगवाल्या ताई म्हणत. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे प्रबंध टाइप करून दिले. कुणाचं अक्षर शाईत बुडालेली मुंगी चालत गेल्यासारखं, तर कुणाच्या निम्म्या वाक्यांना क्रियापदच नसे. ताई सगळं निभावून न्यायच्या.

मग आईनं अंथरूण धरलं. "तू एकटीच तर आहेस, तुला कसली अडचण?" भाऊ म्हणाला. ताईंनी कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि आईकडे राहायला गेल्या. सहा वर्षांनी आई गेली. ताई आपल्या दोन खोल्यांत परतल्या, तोवर काम आणणारे कधीच पांगले होते.

दीड महिन्यानंतर फोन वाजला. एके काळी त्यांच्याकडून प्रबंध टाइप करून घेतलेले प्राध्यापक बोलत होते. "ताई, तो माझा गांडुळांवरचा प्रबंध आहे का हो तुमच्याकडे? माझी प्रत वाळवीनं खाल्ली."

"असेल ना. शोधते," ताई म्हणाल्या. दिवसभरात त्यांनी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द होता, म्हणून की काय, आवाज जरा मोठाच निघाला.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून त्यांनी कॉम्प्युटर खाली घेतला, पुसला, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पडदा मात्र काळाच. कोपऱ्यातला नारिंगी दिवा तेवढा लुकलुकत होता आणि डब्यातून थांबून थांबून लांब शिट्टी येत होती. पडद्याची वायर त्यांनी काढून पुन्हा लावली, तिचे दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. फरक शून्य.

जुन्या वहीत मेकॅनिकचा नंबर होता. तो आता मोबाइलची कव्हरं विकत होता.

"ताई, फेकून द्या तो. त्याचे पार्टसुद्धा मिळत नाहीत आता."

"फेकायचा असता तर तुला कशाला फोन केला असता?"

तो हसला. "शिट्टी वाजते म्हणता? मग बोर्ड जिवंत आहे. रॅम बघू. आधी वायर भिंतीतून काढा. डब्याच्या पत्र्याला हात लावा, अंगातली वीज उतरू दे. मग बाजूचं झाकण उघडा."

फोन स्पीकरवर ठेवून ताईंनी झाकण उघडलं. आत धुळीची गादीच होती. रॅमची बोटभर लांबीची हिरवी पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून त्यांनी अलगद उचलली.

"खालचे सोनेरी दात काळवंडलेत बघ."

"खोडरबर आहे ना घरात? हलक्या हातानं घासा. फुंकर मारू नका, थुंकी उडते."

ताईंच्या टेबलाच्या खणात सात खोडरबर होते. त्यांनी दात घासले, पट्टी बसवली, दोन्ही खिट्ट्या कट्कन लागेपर्यंत दाबली. वायर लावून बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"आला," ताई म्हणाल्या.

"तारीख चुकीची दाखवत असेल. आतला बटणासारखा सेल संपलाय, घड्याळवाल्याकडे मिळेल. ठेवतो ताई, गिऱ्हाईक आलंय."

अजून एखादी युक्ती विचारावी असं ताईंना वाटत होतं, पण फोन बंद झाला होता. गांडुळांचा प्रबंध सापडला, पूर्ण होता. त्यांनी लगेच प्राध्यापकांना फोन लावला.

"अरे हो, ग्रंथालयात मिळाली की मला प्रत, आज सकाळीच. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. कॉम्प्युटर आपण स्वतः दुरुस्त केला, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ते "चला, बरं वाटलं" म्हणून मोकळे झाले होते.

बंद करायचं म्हणून हात माऊसवर गेला, आणि तिथंच राहिला. ताई प्रबंध वाचू लागल्या. टाइप करताना अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, हे त्यांनीच टाइप केलेलं त्यांना आज कळलं. एकसष्टाव्या पानावर त्या थबकल्या. 'आर्द्रता'च्या जागी 'आद्रता' पडलं होतं, तेही एकूण चौदा वेळा. ताईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मार्गदर्शक, परीक्षक, खुद्द प्राध्यापक, कुणीही ही चूक दाखवली नव्हती. म्हणजे इथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

त्यांनी चौदाही जागा एकेक करून सुधारल्या आणि पुढं वाचत राहिल्या. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला, तारीख लावली. तिसऱ्या दुपारी शेवटचं पान संपलं. शेजारच्या फोल्डरवर त्यांनी क्लिक केलं. कुणाचा तरी मिठागरांवरचा प्रबंध होता. ताईंना त्याचं तिरकं, घाईतलं हस्ताक्षर लख्ख आठवलं. चेहरा काही केल्या आठवेना.