राहू द्या, वन्सं

लॉन्ड्रीत तिला सगळे मुकादमीण म्हणत. गठ्ठे उशिरा आणणाऱ्या ड्रायव्हरला ती दारातच फैलावर घ्यायची. फक्त इस्त्रीच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी तिचं तोंड बंद व्हायचं. तिथे वन्सं उभ्या असत, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना कामाला हिनेच लावलं होतं, मालकाकडे शब्द टाकून. आता भोगा!

वन्संच्या हातून बाही चुरगळलेली राहायची, कॉलर पिवळी पडायची. मुकादमीण म्हणायची, "राहू द्या, वन्सं, मी बघते." जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या आत जेवायला गेल्या की ती वन्संचा गठ्ठा पुन्हा करत बसायची. तिचा डबा तसाच परत घरी जायचा. नवरा विचारायचा, "ताईचं कसं चाललंय?" "झकास," म्हणत ती भांडी आपटायची.

सोमवारी हॉटेलकडून एक करपलेला शर्ट परत आला. मालकाने तो तिच्यासमोर टाकला. "आणखी एक असा आला, तर तुम्ही दोघीही घरी."

सकाळभर ती मनात वाक्यं जुळवत होती. नणंदेला बोलायचं म्हणजे घरात महाभारत. जेवणाची सुट्टी झाली, हात सवयीने गठ्ठ्याकडे गेला आणि तिचं डोकंच फिरलं.

"वन्सं, थांबा. तुम्हाला इस्त्री जमत नाही. दीड वर्ष तुमचे कपडे मी पुन्हा करतेय, उपाशीपोटी!"

वन्संचा चेहरा लाल झाला. "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं? या वाफेनं माझं डोकं गरगरतं, हात थरथरतो. मला पहिल्यापासून घड्या घालायचं टेबल हवं होतं. पण तुझ्याकडे गाऱ्हाणं नेलं असतं, तर घरात सगळे म्हणाले असते, नणंद तिथेही छळायला लागली."

मुकादमिणीला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो नुसता संताप. वाया गेलेल्या त्या सगळ्या दुपारींचा राग काढायचा कुणावर? वन्संवर निम्माच निघत होता.

तिने त्यांना तिथल्या तिथे घड्यांच्या टेबलावर नेलं. वन्संनी पहिल्याच शर्टाची घडी घातली, बाही बाहेर लोंबत ठेवून.

"राहू द्या, व..." तिने जीभ चावली, पुढे गेलेला हात मागे घेतला. "वन्सं, बाही आत घ्या."

"घेते," वन्सं फणकारल्या. "तू आधी डबा उघड."