खचदरीच्या बाई

भूगोलाच्या बाई कोणत्याही खोलीत शिरताना आधी छताकडे बघत, मग दाराकडे, आणि मग माणसांकडे. आमच्या शाळेत बदलून आल्या त्याच दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीतली दाराजवळची खुर्ची धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. मी गणिताचा. मला सुरुवातीला त्यांचं हसू यायचं. पुढे एकदा डबा खाताना त्यांनीच सांगितलं, की लहानपणी भूकंपात त्यांचं घर पडलं आणि धाकटा भाऊ आतच राहिला. सांगून झाल्यावर त्यांनी भाकरीचा घास तोडला, पण तोंडात घातला नाही.

मुलं त्यांना ‘खचदरीच्या बाई’ म्हणत, कारण तो धडा त्या जीव ओतून शिकवत. तीन जाड पुस्तकं दोन्ही तळहातांत दाबून उभी धरायच्या आणि हात हळूहळू लांब न्यायच्या. मधलं पुस्तक धप्पकन टेबलावर पडायचं, पहिल्या बाकावरच्या मुली दचकायच्या. “जमीन अशी ताणली गेली की मधला पट्टा खाली बसतो. कडेचे डोंगर उंच राहतात, कधी आणखी उचलले जातात. मग ढग त्यांना अडतात, पाऊस पडतो, आणि तेच पाणी डोंगर झिजवून दरीत आणून टाकतं.” शेवटी आवाज खाली आणून म्हणत, “डोंगर उभा दिसतो. पण तो रोज थोडा खाली येत असतो.”

आमचा औंढ्याकडचा डोंगर खचदरीचा नव्हे, हेही त्याच सांगत. पण एका वर्षी जमिनीखालून आवाज सुरू झाले. लांबून ट्रक यावा तसं घुमायचं, मांडणीवरची भांडी वाजायची आणि थांबायचं. लोक अंगणात झोपू लागले. कुणी ना कुणी शाळेत येऊन विचारी, “बाई, हितं बी दरी पडंल का?”

“दरीला लाखो वर्षं लागतात. मला भीती आहे ती या डोंगराची. खालून हादरे, वरून पाणी. तो सैल होतोय.”

पाऊस लागला तशा त्या शाळा सुटल्यावर डोंगरावर जाऊ लागल्या. एकटीला धीर होत नसे, म्हणून मला नेत. वरच्या उतारावर मुरमात एक भेग पडली होती. आधी तिच्यात बोट जात होतं. आठवडाभराच्या झडीनंतर माझी छत्री मुठीपर्यंत आत गेली. भेगेच्या बरोबर खाली मेंढपाळांची चार-पाच घरं होती.

आम्ही तसेच खाली उतरलो. तिथं सखूआजीचा शब्द चाले. ती म्हणाली, “पावसात मेंढरं घिऊन कुठं जाऊ, माय?”

“शाळेत आणा. हेडमास्तरांना मी सांगते.”

“इतके दिस गुरगुर करून राहिलं, काय झालं? तू आत ये, चहा घे, मंग बोल.”

बाईंनी छताकडे पाहिलं, घरामागच्या उताराकडे पाहिलं. त्या आत जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या वाकून आत गेल्या आणि डोंगराकडच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. “तुम्ही उठेपर्यंत मी उठत नाही.”

आजीनं चुलीवर चहा ठेवला. मागे खडे घरंगळल्याचा आवाज येत होता. मी दारातच उभा होतो. बाईंच्या हातात कपबशी खडखडू लागली, चहा पदरावर सांडला. आजी बघत राहिली.

“एवढी कापून राहिलीस, तर बसलीस काहून?”

“मागच्या वेळी मी बाहेर होते,” बाई म्हणाल्या. “भाऊ आत होता.”

आजीनं चूल विझवली. सुनेला म्हणाली, “मेंढरं सोड.”

मेंढरं सातवीच्या वर्गात आली, माणसं सहावीच्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी जमीन घुमली आणि पाठोपाठ डोंगराचं ते अंग सुटलं. पाऊस थांबल्यावर पाहिलं, तर घरांच्या जागी नुसता लाल चिखल होता आणि त्यातून पाणी आपली वाट शोधत होतं. माणूस एकही गेला नव्हता. आजी बाईंच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागे सरल्या, व्हरांड्याच्या टोकाला गेल्या आणि ओकल्या. दिवसभर त्यांचे हात गार होते.

पुढे त्या निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी सखूआजीला जाऊन सांगितलं.

यंदा झड लागल्यावर सखूआजी डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या नव्या घरातून काठी टेकत शाळेच्या फाटकाशी आली. भिजलेली, लहान झालेली. म्हणाली, “सर, आता डोंगर कोन बघंल?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच चढलो. मुरूम पायाखाली सरकत होता, खाली कुठंतरी घुमल्यासारखं झालं, आणि मी छत्री मुरमात रोवून उभा राहिलो. मग भेग शोधत वर जात राहिलो.