मुलाखतीपुरता बाप

महागावच्या बाजारात कुणाचा ट्रॅक्टर रुसला की लोक मारोती मिस्त्रीकडे येत, आणि मिस्त्री जागेवर नसला तर त्याच्या लेकीला, अर्पिताला, हाक मारत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून खोड सांगणारी ही पोरगी यवतमाळला होस्टेलवर राहून डिप्लोमा करत होती. ट्रॅक्टरच्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. तिच्यासाठीच जणू केलेली. पण मुलाखत इंग्रजीत, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

मागल्या साली कपिल नावाचा एक मुलगा निवडला गेला होता. 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'ला त्याने दिलेलं उत्तर तेव्हापासून कॉलेजात पोथीसारखं फिरत होतं. पोरं-पोरी तेच घोकत. त्यात 'माय फादर इज अ फार्मर' असं होतं. अर्पिताने तिथे मेकॅनिक घालून पाहिलं, तर पुढची तीन वाक्यं डोक्यातून पसार. तयारी करून घेणारे सर म्हणाले, "राहू दे फार्मर. तुह्या घरी कोन पाहाले येते?" मग काय, अडला हरी! तिने बाप बदलला.

मुलाखतीत तिने सगळं घडाघडा म्हटलं. समोरच्या मॅडम थकल्यासारख्या हसल्या. सकाळपासून हेच ऐकत होत्या बिचाऱ्या. त्यांनी विचारलं, ट्रॅक्टरचं इंजिन कधी खोलून पाहिलंय का?

प्रश्न तिला नीट कळला. दहावीच्या सुट्टीत तिने अख्खं इंजिन खोलून पुन्हा बसवलं होतं. पण कुठे, कुणाजवळ, हे सांगायचं तर बाप मिस्त्री निघत होता, आणि तो तर आत्ताच शेतकरी झाला होता. शिवाय एवढं सगळं सांगायला इंग्रजी आणायची कुठून?

"नो मॅडम," ती म्हणाली.

संध्याकाळी लागलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं. शनिवारी ती गावी आली, ती थेट बापाच्या दुकानात.

"नाही झालं, बाबा."

मारोतीने हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाला, "माह्याबद्दल इचारलं काय काही?"

"हो."

"मंग? काय सांगतलं?"

"मेकॅनिक हाय म्हनून."

त्याचा चेहरा उजळला. "इंग्रजीत म्हनून दाखव न."

अर्पिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माय फादर इज अ मेकॅनिक," ती म्हणाली. एकदाही अडखळली नाही.

मारोतीने समोरच्या चहावाल्या बाबुलालला हाक मारली. "इकडे ये गा," तो म्हणाला, "आयक, पोरगी काय म्हनते ते."