कामत सरांची कॅनडाची युनिव्हर्सिटी

स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावरच्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते साचत जातात. पेडण्याच्या आमच्या हायस्कुलातले निम्मे तर एकट्या कामत सरांचे. केमिस्ट्रीचे हे सर कॅनडातल्या एका जुन्या युनिव्हर्सिटीत शिकून आले होते. ती त्यांनी तिथंच ठेवून यायला हवी होती, असं आमचं सगळ्यांचं मत!

*

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचा इतिहास सांगितला. "सुरुवातीला इमारतसुद्धा नव्हती. चर्चमागच्या दोन खोल्या, मोजके विद्यार्थी, गळकं छप्पर. आणि आज बघा."

शिपाई बाबुसो चहा ठेवत होता. आमची शाळा देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरूंच्या खोल्यांत, भरायची तेव्हापासून तो झाडू मारत आलेला. म्हणाला, "तितलें आमचेंय जालां सर. फुडलें कितल्या वर्सांनी?"

*

तिथल्या हॉलमध्ये म्हणे नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी होत्या. मंत्री, न्यायाधीश, सर्जन. सर ती नावं ओळीनं म्हणत. शेवटी हेडमास्तरांनी गॅदरिंगला आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी वाचायचं काम त्यांच्यावरच टाकलं. वाटलं, आता तरी गप्प होतील.

सरांनी महिनाभर गावोगाव चौकशी केली आणि स्टेजवरून त्याच भारदस्त आवाजात वाचलं, "बोटीवरचे मुख्य आचारी. दशावतारात राणीचं काम करणारे. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारे. म्हापसा-पेडणे बसचे कंडक्टर."

कंडक्टरला पहिली टाळी प्रमुख पाहुण्यांनी दिली. ते त्याच्याच बसनं आले होते, आणि त्यानं त्यांना बसायला जागा करून दिली होती.

*

मग भाषेचे दिवस आले. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, यावरून घराघरांत दोन तट पडले. मराठीच्या परब बाई आणि इतिहासाचे नाईक सर रोज एकमेकांच्या डब्यातलं खायचे, त्यांचं बोलणंच बंद झालं. खडूची पेटी बाईंपुढं असली, तरी नाईक सर खडू बाबुसोकडे मागत.

कामत सर म्हणाले, "आमच्या युनिव्हर्सिटीत इंग्रजी आणि फ्रेंचवरून असंच चालायचं."

दोघांनी एकदमच विचारलं, "मग जिंकलं कोण?"

"ते नाही कळलं. माझं बोलणं दोघेही सुधारायचे."

*

एका रविवारी परब बाई मराठीच्या बाजूच्या निवेदनावर कामत सरांची सही घ्यायला मांद्र्याला त्यांच्या घरी गेल्या. सोबत मी होतो. बघतो तर ओसरीवर नाईक सर आधीच बसलेले, हातात कोकणीच्या बाजूचं निवेदन. कामत सर एकदा या कागदाकडे बघत, एकदा त्या.

वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून सर कॅनडाहून परत आले होते. आईला लिहितावाचता येत नव्हतं. तिनं सगळ्यांपुढं पेजेचे वाडगे ठेवले आणि कागदांत काय आहे ते विचारलं. नाईक सरांनी सांगितलं. मग बाईंनी सांगितलं.

तिनं दोन्ही कागद वाडग्यांपासून दूर सारले. मग म्हणाली, "म्हजो पूत कॅनडाक आसतना मराठींत चिटी बरयतालो. पोस्टमन वाचून म्हाका कोंकणींत सांगतालो. सदांच एक. 'हांव बरो आसां, खोशी आसां.'"

कामत सरांनी मान खाली घातली.

त्यांच्या वाडग्यात लोणचं वाढत म्हातारी म्हणाली, "फसयतालो म्हाका. दोनूय भाशांनी."